भाजे चैत्यगृह: अखेर 27 खांब भरले

मंडळी, जुळलं! भाजे लेण्यांतल्या चैत्यगृहाचं, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनादालनाचं, फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल करतोय (यालाच फोटोग्रामेट्री म्हणतात). काल रात्री त्याचा स्पार्स क्लाउड, म्हणजे फोटोंतून निघालेला विरळ बिंदूंचा ढग, वरून उघडला आणि खांब मोजले. 27. मागच्या अपडेटमध्ये गाडी 22 वर अडकली होती, म्हणून विश्वास बसेना. पुन्हा मोजले. 27च.

दुखणं तुम्हाला माहीत आहे. खांब अष्टकोनी, साधे, नक्षी जवळजवळ नाहीच. 27 गुणिले 8, म्हणजे 216 उभ्या बाजू, आणि कोलमॅपच्या, म्हणजे फोटो जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, लेखी सगळ्या एकाच आईच्या. एक्झॉस्टिव्ह मॅचिंगमध्ये प्रत्येक फोटो प्रत्येक फोटोशी ताडला जातो, की लगेच डावीकडचा खांब उजवीकडच्याशी बिनदिक्कत सोयरीक जुळवतो. कधी एकच खांब स्वतःच्याच दुसऱ्या बाजूला चिकटतो आणि बाजूचा पॅसेज वळून मधल्या दालनात घुसतो. वर रिप्रोजेक्शन एरर, म्हणजे बिंदू फोटोवर परत टाकल्यावर पडणारा फरक, एकदम कमी, झकास! आकडा गोड आणि चैत्य दुमडलेलं, याने डोकं फिरतं.

कोडेड टार्गेट (जुळवणीसाठी चिकटवायच्या छापील खुणा) का नाही लावलीस, असं दोघांनी विचारलं. संरक्षित स्मारक आहे, भिंतीला काही चिकटवायचा प्रश्नच येत नाही. ट्रायपॉडलाही परवानगी लागते, त्यामुळे सगळं हातात धरून. दर्शनी लाकूडकाम केव्हाच गेलंय, म्हणून तोंडाशी लख्ख उजेड आणि खांबांमागे काळोख. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) चढवला की नॉइज, म्हणजे दाणे, येतो, आणि डीनॉइज केलं की नॉइजबरोबर दगडाचा पोतही पुसला जातो. मग जुळवायला फीचर, म्हणजे ओळखीचे बिंदू, सापडणार कशावर? माझं स्पष्ट मत: फोटोग्रामेट्रीच्या फोटोंना डीनॉइज लावूच नका.

तोडगा शेवटी हातानेच निघाला. जोड्यांची यादी स्वतः लिहून कोलमॅपला दिली: प्रत्येक फोटो फक्त चालीच्या क्रमातल्या पुढच्या काही फोटोंशी जुळवायचा, बाकी कोणाशी नाही. पण नुसत्या क्रमाने गेलं की फेरी पूर्ण होईपर्यंत ड्रिफ्ट (थोडी थोडी चूक) साचतो, टोकं जुळत नाहीत. म्हणून दोन खांबांच्या फटीतून स्तूप दिसतो असे फोटो निवडून पॅसेज आणि दालन तिथेच बांधून टाकलं. प्रत्येक जोडी डोळ्यांनी तपासली, तीही ओलीच्या डागांवरून. एका खांबाच्या बुंध्याशी उलट्या पानासारखा काळसर डाग आहे, त्याने मला फार वाचवलं. (डाग ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा पावसाळ्यातले आणि उन्हाळ्यातले फोटो एकत्र करू नका.) 2023 चं डॉपलगँगर्स, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या जागांच्या जोड्या ओळखणारं साधन, तेही वापरून पाहिलं. चाळणी म्हणून ठीक, पण अंधाऱ्या पॅसेजात तेही गोंधळतं.

लेव्हलिंगचं एक. खांब उभे धरून मॉडेल सरळ करायला जाऊ नका. भाजेचे खांब मुळातच आत कललेले आहेत, लाकडी बांधकामाची ती हुबेहूब नक्कल. मी मित्राला ओळंबा धरून उभं केलं आणि दोरी फ्रेममध्ये घेतली. महागड्या सेन्सरपेक्षा जास्त भरवशाचं.

आता मॉडेल वेबवर दाखवायचं. 4096 पिक्सेलच्या चौकोनी टेक्स्चरची (मॉडेलवर चढवायच्या चित्राची) जेपीईजी फाइल कितीही लहान असली, तरी जीपीयूत, म्हणजे ग्राफिक्स चिपमध्ये, उलगडल्यावर एकेक 64 एमबी खातं. अशी आठ टाकली की फोनचा ब्राउझर मान टाकतो. केटीएक्स2 फॉरमॅटमधलं टेक्स्चर जीपीयूतही दाबलेलंच राहतं, म्हणून तेच. जॉमेट्री, म्हणजे आकाराचा डेटा, दाबायला ड्रॅकोऐवजी मेशऑप्ट. फाइल जरा मोठी होते, पण फोनवर पटकन उघडते.

छताचं मात्र वाटोळं झालंय. लाकडी फासळ्या मेशमध्ये, म्हणजे मॉडेलच्या जाळीत, वितळल्यासारख्या दिसतात, दोन फासळ्यांमधली पोकळी भरून जाते. रीटोपो करून (जाळी नव्याने आखून) त्या हाताने काढायच्या असं ठरवलं होतं, पण हे लिहितानाच सुचतंय: कॅमेरा पोझेस (प्रत्येक फोटोची जागा आणि दिशा) आता बरोबर आहेत, मग त्याच पोझेसवर छताचं गॉसियन स्प्लॅट, म्हणजे जाळीऐवजी धूसर ठिपक्यांचं मॉडेल, का करू नये? बारीक, आरपार गोष्टी स्प्लॅट फार छान धरतं. मोजमापाला ते कुचकामी, पण मापं खांबांची आणि स्तूपाची हवीत, ती मेशमधून मिळतील. म्हणजे रीटोपो रद्द. खाली मेश, वर स्प्लॅट.

त्यासाठी छताचे आणखी फोटो लागतील, तेही दुपार कलल्यावर, पश्चिमेचा उजेड आत शिरतो तेव्हा. तोवर थ्री-जेएसमध्ये (ब्राउझरमध्ये त्रिमितीय दाखवणारी लायब्ररी) दोन्ही एकत्र बसवून बघतो. खांबांच्या माथ्याशी स्प्लॅटची धूसर कड मेशवर सांडणार हे दिसतंयच. कोणी ती स्वच्छ कापली असेल तर पद्धत सांगा, क्रॉप बॉक्स (चौकोनी पेटीने कापणं) सोडून, कारण छत कमानदार आहे.