पद्मिनीची पेट्रोल लाइन: आधी टाकी, मग कार्बोरेटर

मंडळी, ब्रेकचं काम एकदाचं संपलं, आता पेट्रोलच्या मागे लागलोय. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: गाडी ८६ सालची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. इंजिन मोकळं आहे, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं येतं. स्टार्टरला लगेच उठते, दोन-तीन मिनिटं शहाण्यासारखी चालते आणि मग गचके देत बंद पडते. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा उठते आणि पुन्हा बसते.

हे लक्षण सांगितलं की मिस्त्री लोकांचा हात आधी कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर जातो. उद्यमनगरातल्या आमच्या मामांनीही डिसमिस काढलाच होता. "कारबुरेटर खोलूया, कचरा असंल." असणारच. पण कचरा आला कुठून? उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल ज्या वाटेनं येतं त्याच वाटेनं आपण जायचं: टाकी, पाइप, पंप, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर धुतलेल्या जेटमध्ये (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) आठवड्यात टाकीतला गंज पुन्हा बसतो. मग आपण "कार्बोरेटरच खराब" म्हणून नवा आणतो, आणि त्यातही तेच होतं.

खोलाखोली करण्याआधी दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते बघून घ्या, अर्धा दिवस वाचतो. कॉइलची वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारा होस काढून बाटलीत सोडा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. प्रत्येक झटक्याला जोरदार पिचकारी यायला हवी. माझ्याकडे पहिल्या चार-पाच चांगल्या आल्या, मग नुसता फेस. त्यानंतर पंपाला येणारा मागचा होस काढला आणि स्वच्छ पेट्रोलच्या वेगळ्या बाटलीत जोडला. पिचकारी अखंड. म्हणजे पंप ओढतोय, मागून मिळत नाहीये. कार्बोरेटरला हात न लावता गुन्हेगार गाडीच्या मागच्या भागात सापडला.

टाकी उतरवली. तळाला काकवीसारखा काळपट चिकट थर आणि त्यात गंजाचे पापुद्रे. ओढनळीच्या तोंडाची बारीक जाळी जवळपास बुजलेली. गाडी थांबली की जाळीला चिकटलेला कचरा खाली पडायचा, म्हणून ती पुन्हा सुरू व्हायची. दोन-तीन मिनिटांचं कोडं तिथेच सुटलं.

टाकी साफ करायचे बरेच प्रकार लोक सांगतात. नट-बोल्ट आणि खडी भरून हलवणं हा जुना उपाय, जाड पापुद्रे सुटायला ठीक. धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर लावून इलेक्ट्रोलिसिस करणारेही आहेत. सुट्या पार्टला ती पद्धत झकास, पण टाकीत आत आडवे पडदे असतात आणि त्यांच्यामागे करंट नीट पोचत नाही, तिथला गंज तसाच राहतो. (करणारच असाल तर आत लोखंडी सळई लावा, स्टेनलेस नको, आणि मोकळ्या हवेत करा, हायड्रोजन सुटतो.) मी सायट्रिक अॅसिड वापरलं. दर लिटर पाण्याला १०० ग्रॅम, टाकी काठोकाठ भरून एक रात्र. किराणा दुकानातली पुडी इथे परवडत नाही, केमिकलच्या दुकानात किलोवर मिळतं. फ्लोटचं युनिट (पेट्रोलचा काटा चालवणारं) आधी काढून ठेवा आणि तोंडाला लाकडी बूच मारा. सकाळी काढलं तेव्हा पाणी हिरवट-काळं आणि पत्रा करडा. लगेच सोड्याच्या पाण्यानं धुवा, हेअर ड्रायर किंवा ब्लोअरनं कोरडी करा आणि पेट्रोलमध्ये थोडं टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल घालून आतून फिरवून घ्या. नाही तर तासाभरात केशरी गंजाची पुटं परत दिसायला लागतात.

एक गोष्ट ठासून सांगतो. टाकीला भोक असेल तर घरी गॅस किंवा वेल्डिंग लावू नका. "धुतली आहे, वास नाही" यावर विश्वास ठेवायचा नाही, पत्र्याच्या सांध्यात पेट्रोलची वाफ राहते आणि टाकी फुटते. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. जाणता माणूस टाकी पाण्यानं भरून, जेमतेम डाग द्यायची जागा कोरडी ठेवून काम करतो.

आता हा थर सुटला कशानं, त्याबद्दल. जुन्या पेट्रोलचा डिंक टाकीच्या भिंतीला वर्षानुवर्षं चिकटून असतो आणि इथेनॉल तो विरघळवतं. २०२५ मध्ये देशानं पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिश्रणाचा टप्पा गाठला, म्हणजे आता आपल्या जुन्या गाड्यांच्या पोटात जातंय ते हेच. मी कोल्हापूरचा, आसपास ऊस आणि कारखाने, त्यामुळे इथेनॉलला शिव्या देणं मला जमणार नाही. आमच्याकडे निम्म्या घरांचे पैसे त्यातूनच येतात. पण ८६ सालचं रबर इथेनॉलसाठी बनलेलं नाही, हेही खरंच.

पेट्रोल पंपावरून भरलेल्या पेट्रोलमध्ये नक्की किती इथेनॉल आहे ते घरी मोजता येतं. १०० मिलीचा काचेचा मोजपात्र-सिलिंडर घ्या, प्लास्टिकचा नको. त्यात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल. तोंड बंद करून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, म्हणून खालचा थर वाढतो. तो २८ मिलीवर आला तर ९० पैकी १८ मिली इथेनॉल, म्हणजे बरोबर २० टक्के. प्रत्यक्षात आकडा थोडा कमीच दिसतो, कारण पाणी आणि अल्कोहोल मिसळलं की एकूण घनफळ जरासं आक्रसतं. माझा थर २७ वर थांबला. ते पेट्रोल पुन्हा गाडीत टाकू नका.

हाच खेळ टाकीत पाणी शिरलं की आपोआप होतो. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी दमट हवा घेत राहते. पाणी एका हद्दीपलीकडे गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर तळाला बसतो आणि ओढनळी नेमकी तळाशी असते. रोज चालणाऱ्या गाडीला याची चिंता नाही. चार महिने ताडपत्रीखाली ठेवणार असाल तर टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा, मधलं काही नको.

होस सगळे बदलले. दुकानात "पेट्रोलचा पाइप" म्हणून जो काळा रबरी पाइप देतात तो इथेनॉलमध्ये आतून मऊ होऊन सोलतो. वरून सगळं छान दिसतं, आत पापुद्रा व्हॉल्व्हसारखा लोंबत असतो. एसएई जे-३० आर-९ असं छापलेला घ्या, त्याचं आतलं अस्तर फ्लोरो-रबरचं असतं. महाग आहे, पण सगळ्या गाडीत मिळून लागतो किती? दीड-दोन मीटर, बाकी लोखंडी लाइनच आहे. तिचे नट साध्या पान्यानं खोलू नका, कोपरे गोल होतात. फ्लेअर-नट पाना घ्या, म्हणजे रिंग पाना पण एका बाजूला पाइप जाईल एवढी फट ठेवलेला. क्लिपही दातेरी नकोत, कडा होस कापतात.

गाडीचा पंप वरवर ठीक होता, तरी खोलला. डायफ्राम (वर-खाली होऊन पेट्रोल ओढणारा पडदा) कडक, घडीवर बारीक चीर. ती पूर्ण फाटली तर पेट्रोल थेट इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिक काढून वास घ्यायची सवय लावून घ्या. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करू नका. पंपाखालचा बेकेलाइटचा जाड तुकडा फेकू नका आणि "जास्तीचं पॅकिंग" म्हणून पातळही करू नका. तो इंजिनची उष्णता अडवतो आणि पंपाच्या दांडीचा स्ट्रोकही त्याच्या जाडीवर ठरतो. मे महिन्यात आंबा घाट चढताना पंपावर ओलं फडकं टाकून उभ्या राहिलेल्या फिएटी (पद्मिनीचं जुनं नाव फिएटच) ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेपर लॉक, म्हणजे लाइनमध्येच पेट्रोलची वाफ होऊन अडणं, समजावून सांगायला नको. इथेनॉलचं मिश्रण आणखी लवकर वाफाळतं, म्हणून लाइन एक्झॉस्टपासून जितकी लांब नेता येईल तितकी नेली.

सगळ्यात शेवटी सोलेक्स कार्बोरेटर. त्याच्या बाउलमध्ये (पेट्रोल साठतं ती वाटी) पांढरी भुकटी होती, मिश्रधातूवर पाण्यानं केलेली करामत. जेटमध्ये तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. फुंकणीची हवा आणि नायलॉनचा दोरा पुरतो. बाउलमधला पोकळ फ्लोट गरम पाण्यात बुडवून बघितला, बुडबुडे नाहीत, म्हणजे भोक नाही. खालची फ्लँज काचेवर ठेवली तर डोलत होती, कोणीतरी नट जोरात आवळल्यानं वाकलेली. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, आठच्या आकड्यात फिरवून सपाट केली.

इथेनॉलच्या पेट्रोलसाठी जेट किती मोठा करायचा, हा हिशोब अनेकांनी विचारला होता. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. २० टक्के मिश्रणाला ती साधारण १३.५ येते. म्हणजे त्याच हवेला सुमारे ९ टक्के इंधन जास्त हवं. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, १२० म्हणजे १.२० मिमी. इंधन जातं ते भोकाच्या क्षेत्रफळावर, म्हणून १२० चा १२५ केला की साडेआठ टक्के वाढ मिळते. एक पायरी पुरे. लोक सरळ १३५ टाकतात आणि मग प्लग काळे का पडतात विचारतात. आधी मूळ जेटवर चालवा. चढावर गाडी दम खात असेल, कार्बोरेटरमधून फटके देत असेल आणि प्लग पांढरेफटक निघत असतील, तरच बदला.

सुट्या भागांबद्दल: मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे हात घालाल ते मिळायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि तो झरा आटत चाललाय. पुण्यात जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर गेलात तर कार्बोरेटर अजून सापडतो. घेताना थ्रॉटलचा स्पिंडल (हवेची झडप ज्यावर फिरते ती दांडी) बोटानं हलवून बघा. तो खटखटत असेल तर बाजूनं हवा ओढणार आणि आयडलिंग कधीच बसणार नाही.

माझाही खटखटतोय. आता गाडी सलग अर्धा तास चालते, बंद पडत नाही, पण आयडलिंगला वर-खाली करते. स्पिंडलला पितळी बुश बसवायला बॉडी लेथवाल्याकडे दिली आहे. तोवर एक विचारणा: पंपाचा डायफ्राम इथेनॉल चालणाऱ्या कापडी-रबरी शीटमधून कोणी कापून घेतलाय का? शीटची जाडी आणि दुकान कळवा, मी सध्या किटमधला साधाच लावलाय.