तीन पावत्या आणि १ किलो ६० ग्रॅम गॅस

दार उघडताच काकूंनी माझ्या हातात तीन पावत्या ठेवल्या. तीन उन्हाळ्यांच्या, तीन वेगवेगळ्या मेकॅनिकच्या, आणि तिन्हींवर एकच ओळ: 'गॅस रिफिल'. "यंदा चौथ्यांदा भरायची वेळ आली," त्या म्हणाल्या. "पण हा गॅस दरवर्षी संपतो कसा, ते आधी मला नीट सांगा. मग भरा."

एसीच्या कामात माझी पंधरा वर्षं गेली, हा प्रश्न विचारणारी माणसं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही, खर्चही होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते तेव्हा खोलीतली उष्णता घेतो, बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होताना ती सोडून देतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न काढता वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. मी काकूंना हेच सांगितलं आणि गळती शोधायच्या तयारीनेच आत गेलो.

गॅस बाहेर पडतो तेव्हा कॉम्प्रेसरचं थोडं तेलही सोबत येतं. म्हणून गळतीच्या जागी बहुतेक वेळा चिकट, धूळ धरलेला डाग असतो. इनडोअरच्या मागचे दोन्ही जोड उघडे केले, नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटांवरून बोट फिरवलं. कोरडं. आउटडोअरचे व्हॉल्व्ह पाहिले. तेही कोरडे. साबणाचा फेस लावून वाट पाहिली, एक बुडबुडा फुगला नाही.

मी पायऱ्या उतरत होतो तेवढ्यात काकू बोलून गेल्या, "तशी हवा गारच येते हो, पण खोली काही गार होत नाही. आणि रात्री पाणी टपकतं."

मी परत फिरलो. गॅस खरोखर कमी असेल तर हवा अशी गार लागत नाही. झडपेसमोर हात धरला. हवा बर्फासारखी होती, पण इतकी मंद की मनगटावरचे केससुद्धा हलत नव्हते.

गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजणारं घड्याळ, लावलं. मशीन साधं, इन्व्हर्टर नसलेलं, आर-३२ गॅसचं. दाब ९८ पीएसआय. आर-३२चा दाब सुमारे १०३ च्या खाली गेला की आतली कॉइल शून्य अंशाच्याही खाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. आधीच्या तिघांनी इथेच निकाल दिला असणार: दाब कमी, म्हणजे गॅस कमी. पण दाब दोन कारणांनी पडतो. एक तर गॅस कमी, नाहीतर कॉइलवरून जाणारी हवा कमी, कारण हवेतून उष्णताच मिळाली नाही तर गॅसची वाफ होणार कशी? यातलं कोणतं, ते परतीची जाड नळी सांगते. गॅस कमी असेल तर ती नळी बाहेरच्या मशीनपाशी कोमट आणि कोरडी लागते. इथे तापमापक चिमटा लावला तर १ अंश, आणि घामाचे थेंब थेट कॉम्प्रेसरच्या अंगापर्यंत ओघळलेले. गॅस कमी नव्हताच.

इनडोअरचं पुढचं आवरण काढलं. जाळी लख्ख. काकू दर पंधरवड्याला ती स्वतः धुतात. पण जाळीतून सुटणारी बारीक धूळ मागच्या लांब नळकांडीसारख्या ब्लोअरवर बसते, ओल्या हवेत चिकटते आणि वर्षानुवर्षं घट्ट होत जाते. एका पात्याच्या खाचेत जुना टूथब्रश घातला तर नमद्यासारखी करडी पट्टी अखंड निघून आली, बोटाएवढी लांब. प्रत्येक पात्याची तीच गत. हवा ढकलायला पात्यांना खोलगटपणाच उरला नव्हता.

मग गॅस भरल्यावर दरवेळी बरं का वाटायचं? मेकॅनिक काम करायचा तेवढा वेळ मशीन बंद, तोवर बर्फ वितळायचा, शिवाय वाढीव गॅसने दाबही जरा वर यायचा. पुढचे काही दिवस छान. मग पुन्हा बर्फ, पुन्हा फोन.

ब्लोअर काढून धुतला, कॉइल धुतली, मशीन चालू केलं. समोरचा पडदा हलायला लागला. काकू खूश झाल्या, पण वीज मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवरचे अँपिअर मशीनच्या पाटीवरच्या आकड्याच्या बरेच पुढे होते. कॉम्प्रेसर ओझं ओढत होता. मी रिकव्हरी सिलिंडर, म्हणजे मशीनमधला गॅस काढून साठवायचा रिकामा सिलिंडर, वजनकाट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला आणि सगळा गॅस त्यात ओढून घेतला. मशीनच्या पाटीवर लिहिलेलं: ७८० ग्रॅम. काट्यावर आलं: १ किलो ६० ग्रॅम.

काकू काट्यापाशी खाली वाकून तो आकडा वाचत होत्या. "म्हणजे गेलाच नव्हता कधी?"

"नाही काकू. उलट २८० ग्रॅम जास्त झालाय."

त्यांनी पावत्या पुन्हा मागून घेतल्या आणि एकेक पाहिली. किती ग्रॅम भरला, हे एकीवरही नव्हतं. या गोष्टीची मला मनापासून चीड येते. काटा लावायला पाच मिनिटं लागत नाहीत, आणि वजन न लिहिता गॅसचे पैसे घेणं म्हणजे न मोजता धान्य विकणं. त्या तिघांना मी चोर म्हणणार नाही. सुरुवातीची काही वर्षं मीही एकाच गेजवर विश्वास ठेवून भरत आलो, आणि किती घरांत उगाच भरला असेल याचा विचार आजही छळतो. गिऱ्हाईकही 'तपासणीचे पैसे' म्हटलं की नाराज होतं आणि 'गॅस भरला' म्हटलं की मुकाट्याने देतं, त्यामुळे गॅस भरण्याकडेच सगळ्यांचा हात वळतो.

जादा गॅस पूर्वी आम्ही सरळ हवेत सोडायचो. आता मी तो सोडत नाही. आर-३२ कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट पृथ्वी तापवतो, शंभर वर्षांच्या हिशेबाने. त्याआधीचा आर-४१०ए तर दोन हजार पटींहून जास्त. असल्या वायूंचा वापर घटवायचं २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत सगळ्या देशांनी ठरवलं, ते आमच्या हातातल्या या सिलिंडरपर्यंत पोचायला हवं.

नायट्रोजन भरून दाब धरून पाहिला, गेजचा काटा हलला नाही, म्हणजे गळती नाहीच. आतली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंप लावून दाब ५०० मायक्रॉनच्या खाली, म्हणजे जवळजवळ निर्वातापर्यंत नेला, मग त्यांचाच गॅस त्यांच्याच मशीनमध्ये परत सोडला, ७८० ग्रॅमला व्हॉल्व्ह बंद. अँपिअर पाटीच्या आत आले.

बिल त्यांच्या शेवटच्या पावतीपेक्षा कमी झालं. त्यावर लिहिलं: ब्लोअर व कॉइल धुलाई, गॅस काढून वजन, नायट्रोजन चाचणी, व्हॅक्यूम, भरलेला गॅस ७८० ग्रॅम, नवीन गॅस शून्य. काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"उरलेले २८० कुठे लिहिलेत?"

मी पेन काढलं आणि शेवटी ओळ वाढवली: गिऱ्हाइकाचा शिल्लक गॅस २८० ग्रॅम, मेकॅनिककडे. तिच्याखाली सही केली. त्यांनी चारही कागद एकत्र टाचले, माझा सगळ्यात वर.