न्यू रोडवर झहीरच्या गावाकडची

बर्मिंगहॅमला भाच्याकडे गेले की तो मोठ्या हौसेने ट्वेन्टी-ट्वेन्टी दाखवतो. बियर, आरडाओरडा, चौकार गेला की गाणं. झालं. या वेळी, म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये, मला चार दिवसांची काउंटी मॅच बघायची होती. "मावशी, ती फक्त पेन्शनर बघतात गं," तो म्हणाला. मग मी कोण आहे रे, म्हटलं, आणि एकटीच वूस्टरच्या गाडीत बसले.

कॅथेड्रलमध्ये किंग जॉनची कबर आहे, ती बघून झाली. खाली सेव्हर्न नदीकडे उतरताना वॉटरगेटच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा कोरल्यात. त्यात १९४७ वाचून आपलं मन भलतीकडे जातं, पण ती त्या वर्षीच्या पुराची पातळी. नदीपलीकडेच न्यू रोडचं मैदान. ते इतक्या वेळा पाण्याखाली जातं की या मोसमात घरच्या सामन्यांची सुरुवात वूस्टरशरला, म्हणजे इथल्या काउंटी संघाला, किडरमिन्स्टरला जाऊन करावी लागली.

प्रतिस्पर्धी कोण, धावा किती, हे हवं त्याने स्कोअरकार्डात बघावं. माझा दिवस लेडीज पॅव्हेलियनच्या रांगेत सार्थकी लागला. इथले घरगुती केक प्रसिद्ध आहेत, आणि जाणते लोक टी-टाइमची वाट बघत नाहीत. अजून चार षटकं असताना निम्मा स्टँड उठून रांगेत. मी कॉफी-अक्रोडचा तुकडा घेतला, पुस्तकाएवढा जाड. चहा मात्र अगदीच पांचट. आलं नाही, साखर मागावी लागते, आणि वाऱ्यावर दोन मिनिटांत गार.

रांगेत पुढे एक आजोबा होते, काखेत स्कोअरबुक. कुठून आलात, त्यांनी विचारलं. संगमनेर सांगून त्यांना काय कळणार? म्हटलं, झहीर खान श्रीरामपूरचा, आम्ही त्याच्याच जिल्ह्यातले. बस! माझं नशीबच उघडलं. "झॅक!" म्हणून ते एवढ्या जोरात ओरडले की काउंटरवरच्या बाईंनी सुरी खाली ठेवली. मग २००६ सुरू झालं. भारतीय संघाबाहेर फेकलेला झहीर इथे आला, महिनोन्‌महिने टाकत राहिला आणि काउंटी चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे याच चार दिवसांच्या स्पर्धेत, ७८ बळी घेऊन गेला. चेम्सफर्डला एसेक्सचे पहिले नऊच्या नऊ त्याचे. दहावा झेलही उडाला होता, तो यष्टीमागे सुटला. सुटला हे सांगताना आजोबांनी हातातली बशी अशी काही झुकवली की केक जातो की काय वाटलं. त्यांनी अठरा वर्षांत त्या कीपरला माफ केलेलं नाही. ब्रॅडमनने १९३०, ३४ आणि ३८ या तिन्ही दौऱ्यांत याच मैदानावर द्विशतक ठोकलं होतं. ते मीच काढलं, तर आजोबा "हो, तेही," म्हणून पुन्हा झहीरकडे.

आता परदेशी खेळाडू दोन-तीन सामने खेळून पळतात, ही त्यांची तक्रार. माझी वेगळीच होती. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा म्हाताऱ्या माणसांनी गवतावर बसावं, तेव्हा लाल चेंडूला, म्हणजे चार दिवसांच्या सामन्यांना, मैदानच रिकामं नसतं. शंभर चेंडूंच्या द हंड्रेडने आणि ट्वेन्टी-ट्वेन्टीने जून-जुलै-ऑगस्ट वाटून घेतलेत. चॅम्पियनशिपच्या वाट्याला बहुतेक एप्रिल-मेची थंडी आणि हा सप्टेंबर. मी स्वेटरवर शाल, शालीवर भाच्याचं जाकीट घालून बसले होते.

पुन्हा खेळ सुरू झाल्यावर आजोबा शेजारीच येऊन बसले. डावखुरा फिरकी गोलंदाज आला तसे ते जरा वेळ गप्प झाले आणि मग वूस्टरशरच्या अशाच डावखुऱ्या फिरकीपटूचं, जॉश बेकरचं, सांगितलं. २०२२ मध्ये इथेच बेन स्टोक्सने त्याला एका षटकात पाच षटकार आणि एक चौकार मारला, चौतीस धावा. बेकर तेव्हा जेमतेम अठराचा. नंतर स्टोक्सनेच त्याला धीर देणारा मेसेज पाठवला होता. आणि या मे महिन्यात, वयाच्या विसाव्या वर्षी, बेकर हे जग सोडून गेला. आजोबांनी हे सांगताना आवाज चढवला नाही की उतरवला नाही, चेंडूमागून चेंडू वहीत टिंब टाकत राहिले. मला काय बोलावं कळेना. मी माझा उरलेला केक पुढे केला, त्यांनी घेतला.

आदल्याच वर्षी दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आलेला हा छोटा क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये टिकून होता, याचं तिथल्या लोकांना केवढं अप्रूप! साध्या एकेरी धावेलाही टाळ्या, आणि समोरच्या संघाच्या चौकारालाही. आपल्याकडे वानखेडेवर हे करून दाखवा.

पाचच्या सुमारास अंधुक प्रकाशाचं कारण काढून पंचांनी सगळ्यांना आत नेलं. मला चेंडू स्पष्ट दिसत होता, चष्म्यातून! भाच्याचा फोन आला, "मावशी, कोण जिंकलं?" म्हटलं, अजून दोन दिवस आहेत, उद्या डबा करून दे.