जुन्या फ्रीव्हीलवर बार-एंड शिफ्टर

हँडलच्या टोकाला बसणारा गिअर लिव्हर, म्हणजे बार-एंड शिफ्टर, विकत घेताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: किती स्पीडचा, म्हणजे मागच्या किती चकत्यांसाठीचा? जुन्या सायकलीच्या बाबतीत हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा, की मागच्या फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या) दोन चकत्यांमधलं अंतर किती, आणि डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, एक मिमी वायर ओढली तर किती सरकतो?

जालना, बीड, परभणीकडे सहसा दिसणारी जुनी गिअरची सायकल म्हणजे मागे ६ किंवा ७ चकत्यांचं फ्रीव्हील, शिमानो कंपनीचा टूर्नी डिरेलर आणि पुढे तीन चेनव्हील. यात आधी मरतो तो हँडलवरचा शिफ्टर. प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होतं आणि आतलं ग्रीस वाळून दगड होतं. फ्रेम, हब आणि डिरेलर मात्र अजून कामाचे असतात. अशा सायकलीला ड्रॉप (खाली वळलेलं) हँडल आणि बार-एंड लिव्हर लावणं हा चांगला बदल आहे. लिव्हरमध्ये मोडण्यासारखं फार काही नसतं आणि हात हँडलवरून न काढता गिअर बदलतो.

आता आकडे. शिमानोच्या ७ स्पीडला दोन चकत्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ५ मिमी अंतर असतं, ८ स्पीडला ४.८, ९ स्पीडला ४.३५, १० स्पीडला ३.९५. जुन्या ६ स्पीडला साधारण ५.५. शिमानोचा जुना डिरेलर वायरच्या अंदाजे १.७ पट सरकतो. ८ स्पीडचा लिव्हर एका क्लिकला (लिव्हरच्या एका ठरलेल्या टप्प्याला) २.८ मिमी वायर ओढतो, ९ स्पीडचा २.५.

यावरून हिशोब करा. ९ स्पीडचा लिव्हर ७ स्पीडच्या फ्रीव्हीलवर लावला, तर एका क्लिकला डिरेलर सव्वाचार मिमी सरकणार, हवेत पाच. दर क्लिकला पाऊण मिमीची तूट. तिसऱ्या क्लिकला ती सव्वादोन मिमी होते आणि चेन दोन चकत्यांच्या मध्ये खरखरत राहते. बॅरल अॅडजस्टर (वायरचा ताण बदलायचा स्क्रू) कितीही फिरवा, ही तूट भरत नाही, कारण ती प्रत्येक पावलाला वाढत जाते. ८ स्पीडच्या लिव्हरचं गणित वेगळं. २.८ गुणिले १.७ म्हणजे ४.७६, तूट जेमतेम पाव मिमी. मधल्या, म्हणजे चौथ्या चकतीवर अचूक लावलं, तर दोन्ही टोकांना पाऊण मिमीचाच फरक पडतो. वरची जॉकी पुली (डिरेलरमधलं चेनचं छोटं चाक) मुद्दाम थोडी आडवी हलती ठेवलेली असते, ती एवढं सांभाळून घेते. म्हणून ७ स्पीडवर ८ स्पीडचा लिव्हर क्लिकसकट चालतो. ६ स्पीडवर क्लिक जुळवायच्या नादाला लागू नका.

अपवाद लक्षात ठेवा. ड्युरा-एसच्या ७४०० मालिकेचा डिरेलर शिमानोच्या इतर डिरेलरपेक्षा वेगळ्या प्रमाणात सरकतो, त्यामुळे तो बाकीच्या लिव्हरशी क्लिकमध्ये जुळत नाही. सनटूर आणि कॅम्पाग्नोलो या कंपन्यांची मापं स्वतंत्र आहेत. शिमानोचे १० स्पीडचे एमटीबी (माउंटन बाइकचे) डिरेलरही या हिशोबात बसत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडच्या जुन्या सायकलीला क्लिक नकोच, फ्रिक्शन (बिनक्लिकचा, नुसत्या घर्षणाने थांबणारा लिव्हर) हवं. शिमानोच्या ८ आणि ९ स्पीडच्या बार-एंड लिव्हरला बाजूची कडी फिरवून क्लिक बंद करता येतं. मग लिव्हर हव्या तिथे थांबतो आणि चकत्यांमधल्या अंतराचा प्रश्नच उरत नाही. एक गोष्ट मात्र तपासायची, लिव्हर एकूण पुरेशी वायर ओढतो का. ७ स्पीडला सहा पावलं, म्हणजे ३० मिमी, १.७ ने भागलं की वायर लागते १७.६ मिमी. ९ स्पीडचा लिव्हर आठ क्लिकांत २० मिमी ओढतो, ८ स्पीडचा सात क्लिकांत १९.६. दोन्ही पुरतात. ६ स्पीडला तर १६च्या आसपास लागते.

फ्रिक्शनचा आग्रह धरण्यामागे इथली माती आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ आउटरमध्ये (वायरच्या बाहेरच्या आवरणात) शिरते आणि वायर अडखळते. पावसाळ्यात पाणंदीतला चिखल डिरेलरच्या सांध्यांत बसतो. क्लिकवाल्या लिव्हरला वायरमधली अर्ध्या मिमीची चूक सहन होत नाही. फ्रिक्शनमध्ये हाताने किंचित पुढेमागे केलं की खरखर थांबते. शिवाय लातूरच्या बाजारात १४-२८चं ७ स्पीड मिळालं नाही आणि ६ स्पीडच मिळालं, तर तेच लावून निघता येतं. डिरेलर कुठवर सरकेल हे ठरवणाऱ्या दोन्ही लिमिट स्क्रूंनी नवी टोकं तेवढी जुळवून घ्यायची.

डावा लिव्हर मुळातच फ्रिक्शनचा असतो. म्हणून एमटीबीचा पुढचा डिरेलर आणि तीन चेनव्हील त्याच्यावर बिनतक्रार चालतात.

बसवताना आधी हँडल मोजा. लिव्हरचा आतला भाग हँडलच्या नळीत फुगून घट्ट बसतो, त्यासाठी आतला व्यास २० मिमीच्या आसपास हवा. ड्रॉप हँडलला अडचण येत नाही. सरळ हँडल बाहेरून २२.२ मिमी असतं, जाड पत्र्याचं असेल तर आतली जागा कमी पडते. लिव्हर सोडवून आधी नुसता खालचा भाग नळीत घाला आणि ६ मिमीच्या अॅलन कीने आवळा. शिमानोचा हा बोल्ट घड्याळाच्या उलट दिशेने आवळतो. सवयीने सरळ फिरवला की तो सैल होतो, आणि पार्ट खराब आहे असं वाटून माणूस तो परत करतो.

हँडल बदलताना ब्रेकचाही विचार आत्ताच करा. व्ही-ब्रेकला (रिमच्या दोन्ही बाजूंना लांब उभे हात असलेल्या ब्रेकला) जास्त वायर ओढणारा लिव्हर लागतो. साधा ड्रॉप हँडलचा ब्रेक लिव्हर लावला, तर तो हँडलला टेकेपर्यंत दाबूनही ब्रेक नीट लागत नाही. खुलताबादच्या उतारावर हे कळणं धोक्याचं आहे. व्ही-ब्रेकसाठीचा खास ड्रॉप लिव्हर घ्या.

गिअरची वायर १.२ मिमीची आणि आउटर ४ मिमीचा. दुकानात ब्रेकचा ५ मिमीचा आउटर पुढे केला तर नको म्हणा. त्यातली गुंडाळलेली पट्टी दाबली जाते आणि लिव्हरची ओढ तिथेच जिरते. उलट चूक तर जिवावरची: गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या असतात, ब्रेकच्या जोराने त्या फाटून बाहेर येतात. हँडलच्या टेपखालून आउटर नेल्यावर वायर जास्त लागते, म्हणून मागच्या डिरेलरपर्यंतचा पूर्ण मार्ग आधी सुतळीने मोजा. २१०० मिमीची वायर मोठ्या फ्रेमला तोकडी पडू शकते. आउटरची कापलेली टोकं कानशीने सपाट करा आणि प्रत्येक टोकाला टोपी घाला.

मग सेटिंग. वायर न जोडता आधी लिमिट स्क्रू लावा, हाताने डिरेलर ढकलून दोन्ही टोकं पाहा. मोठ्या चकतीकडचा स्क्रू ढिला राहिला, तर चेन तारांमध्ये पडते आणि चाक, डिरेलर दोन्ही जातात. डिरेलर मागून पाहताना तिरका दिसला, तर आधी हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो भाग) सरळ करून घ्या. लिव्हर वर, वायर ढिली, चेन सर्वांत लहान चकतीवर, या स्थितीत वायर हलकीशी ताणून बोल्ट आवळा. लिव्हर खाली दाबला की चेन मोठ्या चकतीकडे चढते.

चढावर गिअर आपोआप उतरत असेल, तर डिरेलरची स्प्रिंग लिव्हरला मागे ओढते आहे. लिव्हरचा मधला स्क्रू पाव फेरा आवळा. हाताला जड लागेपर्यंत आवळायची गरज नाही.

चेन ६-७-८ स्पीडचीच घ्या, बाहेरून ७.१ ते ७.३ मिमीची. जुनी चेन मोजायची पद्धत सोपी आहे: २४ कड्यांची लांबी नव्या चेनमध्ये ३०४.८ मिमी असते. दीड मिमी वाढली की चेन बदला. तीन मिमी वाढली असेल, तर फ्रीव्हीलही सोबत बदलावं लागेल. नवी चेन त्या झिजलेल्या दातांवरून जोर देताच उडते, आणि दोष विनाकारण नव्या लिव्हरला लागतो.