पंचगंगेची माती अभ्यासक्रमात बसत नाही

सिरॅमिक शिकून आलेला विद्यार्थी आणि कोल्हापुरातल्या शाहूपुरीतला किंवा बापट कॅम्पातला कुंभार यांचं पहिलं भांडण बहुधा मातीवरूनच होतं. विद्यार्थ्याला पिशवीतली तयार माती ठाऊक असते. बॉल क्ले, चायना क्ले, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ मोजून घातलेली, 1200 अंशांच्या पुढे पक्की होणारी. कुंभाराची माती नदीकाठच्या गाळाची, बेसॉल्ट झिजून झालेली, लोहाने भरलेली. ती साधारण 900 ते 1000 अंशांना भाजते. तीच स्टोनवेअरच्या, म्हणजे 1200 अंशांपुढे दगडासारखी पक्की होणाऱ्या भांड्यांच्या, भट्टीत घातली तर फुगते, बसते आणि शेल्फला चिकटते. मग 'माती निकृष्ट' असा शेरा बसतो. नाचता येईना, अंगण वाकडं.

कुंभारही काही कमी नाही. पुस्तकी ज्ञान चाकावर चालत नाही म्हणतो आणि मोकळा होतो. पण काळ्या गाळाची माती वाळताना जास्त आकसते आणि तडकते म्हणून तो तिच्यात राख, लीद, बारीक वाळू मिसळतो, ते शास्त्रच आहे. फक्त प्रमाण हाताला माहीत, वहीत कुठेच नाही. माती आणायची जागा बदलली की अंदाज चुकतो आणि अख्खा आवा हातचा जातो.

खरं तर काम सोपं आहे. ओल्या मातीच्या पट्टीवर बरोबर 10 सेंटीमीटरची रेघ मारा. वाळल्यावर ती 9.2 आणि भाजल्यावर 8.8 भरली, तर एकूण आकसणं 12 टक्के. 9 सेंटीमीटर उंचीचा कप हवा असेल तर चाकावरून 10.2 चा उतरवायचा. प्रत्येक नव्या खेपेला एक पट्टी पुरते.

भट्टीत भांडं फुटलं की वर्गात हमखास सांगतात, हवेचा बुडबुडा राहिला असेल. फोडणारी असते ती वाफ. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे 1600 पट वाढतं, आणि जाड बुडातून ती वेळेत बाहेर पडत नाही. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत भांडं वरून पांढुरकं, वाळल्यासारखं दिसतं. गालाला लावून पाहा, गार लागलं तर आत ओल आहे. भट्टी 80-90 अंशांवर काही तास धरा, झाकण थोडं उघडं ठेवा, भोकाशी थंड आरसा धरा. आरसा धुरकटत असेल तर ताव वाढवू नका.

पुनरावृत्तीबद्दल तर बोलायलाच नको. गुण मिळतात 'वेगळ्या' एका वस्तूला. गिऱ्हाईक मागतं एकसारखे सहा कप. शिवाय हिशेब कोणी शिकवत नाही. भट्टीत 60 कप गेले आणि 9 वाया गेले, तर विजेचा आणि मजुरीचा खर्च 51 नी भागायचा, 60 नी नाही. माझ्या मते पदवीच्या पहिल्या वर्षी याच दोन गोष्टी घ्याव्यात, संकल्पना नंतर.

आणि स्टोनवेअरच्या भट्टीत वितळणारी ती 'निकृष्ट' माती ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, म्हणून वापरून पाहा. वाळलेली माती कुटून 80 नंबरच्या चाळणीतून काढा. निम्मी माती आधी 700 अंशांना भाजून घ्या, नाहीतर सगळी कच्ची माती बिस्कवर (एकदा भाजलेल्या, लेप न लावलेल्या भांड्यावर) आकसून पोपडे धरते. पाण्यात सायीइतकी दाट कालवा. तीन टाइल करा: एक नुसत्या मातीची, दुसरी 90 भाग मातीत 10 भाग चाळलेली लाकडाची राख घालून, आणि तिसरी 80-20 ची. भट्टी 1240 ते 1280 अंशांची. खाली चायना क्ले फासलेली टाकाऊ बशी ठेवाच. रंग तपकिरीपासून काळ्यापर्यंत येतो, थर जाड तिथे गडद. राख वाढली की ओघळ वाढतो. बशीपर्यंत पोहोचला तर पुढच्या खेपेला राख 5 भागांनी उतरवा आणि टाइलच्या मागे तापमान लिहून ठेवा.