मिलानचं अष्टकोनी कुंड आणि पावियाची समाधी

मिलानच्या कॅथेड्रलमध्ये बहुतेकांची ओढ छतावर जाण्याकडे असते. मी आधी खाली उतरलो. मुख्य दाराजवळच्या जिन्याने खाली गेलं की चौथ्या शतकातल्या स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वास्तूचे अवशेष लागतात. तिकिटांचे प्रकार बरेच आहेत, तेव्हा आपल्या तिकिटात हा पुरातत्त्व विभाग आहे ना, ते आधी पाहा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

मधोमध अष्टकोनी कुंड आहे. आठ कोन आठव्या दिवसाचे, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचे प्रतीक. 387 च्या ईस्टरच्या रात्री मिलानच्या बिशप अँब्रोजने इथे, पुढे थोर धर्मपंडित ठरलेल्या ऑगस्टीनला स्नानसंस्कार दिला. संस्काराचा अर्थ नवस्नातांना आधी नव्हे, नंतरच्या आठवड्यात समजावला जाई. अँब्रोजची ती प्रवचनं आजही वाचायला मिळतात, म्हणूनच या कुंडाशी काय घडायचं ते इतकं नेमकं कळतं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्यावर विश्वास आहे का, असे तीन प्रश्न आणि प्रत्येक उत्तरानंतर एक बुडी. मग बिशप पाय धूत असे. अँब्रोज सांगतो की रोमच्या चर्चमध्ये ही प्रथा नाही. तो म्हणतो: रोमचं अनुकरण करायची माझी इच्छा आहे, पण आम्हालाही अक्कल आहे.

कॅथलिक सिद्धांत आणि अँब्रोज-ऑगस्टीनसारखे चर्चचे आद्य लेखक, म्हणजे धर्मपिते, यांचं नातं मला इथेच सगळ्यांत स्पष्ट दिसलं. वसईच्या चर्चमध्ये आजही बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात. पाय मात्र पवित्र गुरुवारीच धुतले जातात, तेही स्नानसंस्काराचा भाग म्हणून नव्हे. पिता, पुत्र, पवित्र आत्मा या त्रैक्यावरची श्रद्धा सगळीकडे तीच होती, ती सिद्धांत ठरली. पाय धुणं मिलानचं होतं, ते प्रथा म्हणूनच राहिलं.

हा भेद अँब्रोजला पक्का ठाऊक होता. मिलानमध्ये शनिवारी उपवास करत नाहीत, हे पाहून ऑगस्टीनची आई मोनिका गोंधळली. त्यावर अँब्रोजचं उत्तर होतं: रोममध्ये असतो तेव्हा मी शनिवारी उपवास करतो, इथे करत नाही, जिथे जाल तिथली रीत पाळा.

हिरव्या मेट्रोच्या सांत आंब्रोज्यो स्थानकाजवळच्या बॅसिलिकात, तळघरात, अँब्रोजचा सांगाडा बिशपच्या वस्त्रांत दोन हुतात्म्यांच्या मध्ये ठेवलेला आहे. तिथे दहा मिनिटं पुरतात.

ऑगस्टीनची समाधी असलेल्या पावियाला मात्र अर्धा दिवस द्या. एस 13 ही लोकल थेट जाते. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी यंत्रात ठसा उमटवा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. स्टेशनपासून सान पिएत्रो इन च्येल दोरो चर्च चालत जाण्याइतकं जवळ आहे, पण दुपारी ते बंद असतं, सकाळीच पोहोचा.

वेदीमागे संगमरवरी कोरीवकामाखाली ऑगस्टीनचे अवशेष आहेत. माणूस स्वतःच्या बळावर पाप टाळू शकतो असं म्हणणाऱ्या पेलागियसशी वाद घालताना त्याने मांडलेली आदिपापाची (जन्मतःच येणाऱ्या पापाची) आणि देवाच्या कृपेची शिकवण 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने उचलून धरली, त्यातली आदिपापाची 1546 मध्ये ट्रेंटच्या परिषदेनेही. पण बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळांना अगदी सौम्य का होईना, शिक्षा होतेच, हे त्याचं मत चर्चने कधी सिद्धांत केलं नाही. अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे, असं सांगणारा व्हॅटिकनच्या धर्मपंडित आयोगाचा दस्तऐवज एप्रिल 2007 मध्ये निघाला. त्याच महिन्यात, 22 तारखेला, पोप बेनेडिक्ट सोळावे इथे समाधीशी प्रार्थनेला आले होते. ऑगस्टीनवर प्रबंध लिहिलेला हा माणूस.

ट्रेंटचे शब्द नीट वाचावेत: बायबलचा अर्थ आद्य धर्मपित्यांच्या एकमताविरुद्ध लावू नये. एकमताविरुद्ध, कुणा एकाच्या मताविरुद्ध नव्हे. वादात ऑगस्टीनचं एखादं वाक्य उचलून ‘हाच कॅथलिक सिद्धांत’ म्हणणारे इथेच चुकतात.

निघण्यापूर्वी पायऱ्या उतरून तळघरात जा. तिथे रोमन तत्त्वज्ञ बोएथियसचे अवशेष आहेत.