पाटा खेळपट्टीवर वेगवान गोलंदाज काय करतो

पाटा, म्हणजे गोलंदाजाला काहीच मदत न देणाऱ्या खेळपट्टीवर वेगवान गोलंदाजाचा घात बहुतेक वेळा त्याची घाईच करते. चार षटकं झाली, चेंडूला बॅटची कड लागत नाही, की मग एक चेंडू पुढे, एक आखूड, एक पायांवर असं सुरू होतं. सगळे प्रकार करून होईपर्यंत पंचवीसेक धावा निघून गेलेल्या असतात आणि क्षेत्ररक्षण दोन्ही बाजूंना पांगलेलं असतं. खेळपट्टी काही देणार नाही हे एकदा स्वीकारलं की काम स्पष्ट होतं. जमिनीकडून मिळत नाही ते हवेतून, कोनातून आणि उंचीतून काढायचं, आणि ते मिळेपर्यंत फलंदाजाला एकाच बाजूला कोंडून ठेवायचं.

आधी कोंडण्याचं बघू. नव्या चेंडूचा कडकपणा गेला की तिसरी स्लिप (यष्टिरक्षकाशेजारी कडेचे झेल घ्यायला उभा गडी) शोभेपुरती उरते. उसळी कमी असेल तर कड लागूनही चेंडू स्लिपच्या पुढ्यात पडतो. म्हणून उरलेली स्लिप दोन पावलं पुढे सरकते आणि सुटलेला गडी शॉर्ट मिडविकेटला किंवा शॉर्ट कव्हरला जातो. चेंडू खेळपट्टीवर थांबून आला की ड्राइव्ह जरा लवकर होतो आणि झेल नेमका तिथे उडतो. टप्पा यष्ट्यांपासून ६ ते ७ मीटरवर, रेषा ऑफ यष्टीच्या माथ्यावर. ऑफ यष्टीच्या बाहेर वीतभर टाकत राहण्यात इथे अर्थ नाही. फलंदाज सोडत राहतो आणि चेंडू फुकट म्हातारा होतो. पायचीत आणि त्रिफळा हेच मुख्य रस्ते असल्यामुळे चेंडू यष्ट्यांवरच हवा.

याच रेषेवर ‘वॉबल सीम’ उपयोगी पडते. दोन बोटं शिवणीच्या दोन्ही बाजूंना नेहमीपेक्षा थोडी फाकवायची, पकड सैल ठेवायची, मनगट सरळ. शिवण हवेत ताठ न राहता डुगडुगत जाते. ती कशी पडेल यावर चेंडू आत येतो किंवा सरळ निघतो, आणि कुठे जाणार हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हालचाल थोडीच असते, पण थोडीच पुरते. नियमानुसार बॅटची रुंदी जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर, म्हणजे मधोमध लागणारा चेंडू साडेपाच सेंटिमीटर हलला तरी कड. पकड घट्ट झाली की मात्र तो साधा सरळ चेंडू होतो, आणि पाटा खेळपट्टीवर साधा सरळ चेंडू म्हणजे चौकार.

खरा दारूगोळा रिव्हर्स स्विंगचा. नेहमीच्या स्विंगमध्ये, म्हणजे हवेतल्या वळणात, चेंडू चकाकीपासून दूर, खरबरीत बाजूकडे वळतो. रिव्हर्समध्ये उलट, चकाकीकडे. त्यासाठी एक बाजू पुरेशी खरबरीत आणि कोरडी व्हावी लागते आणि वेगही लागतो. कोरडा, टणक स्क्वेअर (मैदानाच्या मधला खेळपट्ट्यांचा पट्टा) असेल तर चेंडू लवकर घासला जातो. हिरव्यागार मैदानावर कितीही वाट पाहा, फारसं काही हाती लागत नाही.

हे काम एकट्या गोलंदाजाचं नाही, अकरा जणांचं आहे. चेंडू चमकवायची जबाबदारी एक-दोघांवरच, आणि तेही कमी घाम येणारे. बाकीच्यांनी तो बोटांच्या टोकांनी, शिवणीवर धरून पुढे द्यायचा. ओलसर तळव्याने कुणी खरबरीत बाजू धरली की तिथला कोरडेपणा गेला. पुढची पाच-सहा षटकं चेंडू मुकाट सरळ जातो आणि गोलंदाज आपल्याच मनगटाला दोष देत बसतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०२० पासून लाळ लावायला बंदी आहे, २०२२ पासून ती कायमची झाली. उरला फक्त घाम, तोही चकाकीच्याच बाजूला. चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटत परत फेकणं नियमाबाहेर आहे आणि पंच त्यावर बारीक लक्ष ठेवतात.

चेंडू रिव्हर्स व्हायला लागला की मोह होतो तो दर चेंडू यॉर्कर, म्हणजे थेट फलंदाजाच्या पायाशी, टाकायचा. असं केलं की फलंदाज क्रीझमध्ये मागे, पाय मोकळा ठेवून उभा राहतो आणि यॉर्कर खणून काढतो. आधी त्याला टप्प्यावर पुढे खेळवायचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये चेन्नईत पाचव्या दिवशी जेम्स अँडरसनने शुभमन गिल आणि अजिंक्य रहाणे या दोघांना एकाच षटकात त्रिफळाचीत केलं. दोन्ही चेंडू टप्प्यावरचे, ऑफ यष्टीच्या बाहेरून आत आलेले. बॅट आणि पॅडमधली फट त्यांना पुरली. विशाखापट्टणमला २०२४ मध्ये जसप्रीत बुमराने ४५ धावांत ६ बळी घेतले. ऑली पोपच्या यष्ट्या उखडणारा त्याचा यॉर्कर अजून फिरतो, पण त्या डावात जो रूट कड लागून स्लिपमध्ये गेला होता हे फारसं कुणी सांगत नाही.

कोनाचं हत्यार स्वस्त आहे, तरी कमी वापरलं जातं. क्रीझच्या टोकावरून टाकलेला चेंडू आत येतोय म्हणून फलंदाज त्या रेषेत खेळतो, आणि टप्प्यावरून चेंडू जरासा सरळ झाला तरी फसतो. २०२५ मध्ये एजबॅस्टनच्या पाटा खेळपट्टीवर आकाश दीपने जो रूटला असंच त्रिफळाचीत केलं. त्याचा मागचा पाय इतका बाहेर होता की नो-बॉलची चर्चा झाली. नियम असा की मागचा पाय जमिनीला पहिल्यांदा टेकतो त्या क्षणी बाजूच्या रेषेच्या आत हवा, नंतर घसरला तर चालतं. क्रिकेटचे नियम बनवणाऱ्या एमसीसीने चेंडू वैध असल्याचं सांगितलं. सामन्यात त्याचे १० बळी, १८७ धावांत.

आखूड मारा हा शेवटचा उपाय नाही, तो वेळेवर काढायचा डाव आहे. कसोटीत खांद्याच्या वर जाणारे चेंडू षटकात दोनच चालतात. पण छातीवर, बरगड्यांवर येणारे त्यात मोजले जात नाहीत, आणि काम तेच करतात. डोक्यावरून जाणारा चेंडू फलंदाज बसून सोडतो. बरगडीवरचा खेळावाच लागतो. क्षेत्ररक्षणात शॉर्ट लेग, लेग गली, फाइन लेग, स्क्वेअरच्या (फलंदाजाच्या काटकोनातल्या रेषेच्या) जरा पुढे सीमेवर एक, डीप मिडविकेटला एक. स्क्वेअरच्या मागे लेगला दोनच गडी चालतात. तिसरा सरकला की नो-बॉल. नील वॅगनरने २०१९-२० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात याच माऱ्यावर स्टीव्ह स्मिथला पाच डावांत चार वेळा बाद केलं. लॉर्ड्सवर २०१४ मध्ये इशांत शर्मा आखूड टाकायला तयारच नव्हता, धोनीने त्याला भरीस घातलं. ७४ धावांत ७ बळी. यात बिघडतं ते एकाच गोष्टीने: दमलेला गोलंदाज. वेग पडला की तोच चेंडू कमरेवर येऊन बसतो आणि फलंदाज तो सावकाश ओढतो.

म्हणून स्पेल, म्हणजे सलग टाकायची षटकं, चार-पाचच. सहाव्या षटकासाठी हट्ट धरणाऱ्या गोलंदाजाचं कौतुक होतं, पण पाटा खेळपट्टीवर ते षटक बहुधा महागात पडतं.

वेग कमी करायचा तो मात्र ठरवून. मेलबर्न, २०१८: जेवणाच्या सुट्टीआधीचा शेवटचा चेंडू, समोर शॉन मार्श. मिड-ऑफवरून रोहित शर्माने हळू चेंडू सुचवला. बुमराने त्याच रन-अपने, त्याच हाताच्या वेगाने यॉर्करच्या टप्प्यावर हळू चेंडू टाकला. तो हवेत खाली उतरला, मार्शची बॅट आधीच येऊन गेली होती, पायचीत. हा चेंडू चालला कारण आधीची सगळी षटकं वेगात होती. प्रत्येक षटकात दोन हळू चेंडू टाकले असते तर मार्श थांबून खेळला असता.

उरतो दुसरा नवा चेंडू. तो ८० षटकांनंतर मिळतो, म्हणून ७० ते ८० मध्ये मुख्य वेगवान गोलंदाजांना विश्रांती द्यायची आणि फिरकीने षटकं काढायची. जुना चेंडू रिव्हर्स होत असेल तर नवा घ्यायची घाई नको. कडक चेंडू पाटा खेळपट्टीवर बॅटवरून सुसाट जातो, आणि पहिल्या पाच षटकांत बळी मिळाला नाही तर तास-दीड तास राखलेली कोंडी फुटते.